मुलांच्या खिशातला चाकू: आधी काय समजून घ्यावं, सापडल्यावर काय करावं

प्रश्न थोडक्यात असा: सहा महिन्यांत शाळकरी मुलांच्या भांडणात दोनदा चाकू निघाला, एकदा एक मुलगा जखमी झाला. पालकसभेत तीन मागण्या आल्या. रोज दप्तरं तपासा, ज्याच्याकडे सापडेल त्याला शाळेतून काढा, आणि भोसकलेल्या जखमांचे फोटो दाखवून मुलांना एकदाच चांगली दहशत बसवा. यातलं उपयोगाचं काय, आणि अशा घटनांचा आजूबाजूच्या लोकांवर परिणाम किती खोल जातो?

फोटोंचा कार्यक्रम आधी रद्द करा. बाकीच्या दोन मागण्यांवर चर्चा होऊ शकते, ह्या एकीवर नाही.

चाकू बाळगणाऱ्या बहुतेक मुलांना कुणाला मारायचं नसतं. ‘सगळ्यांकडे असतो, वेळ आली तर आपण रिकाम्या हाताने नको’ एवढाच त्यामागचा हिशेब असतो. समजा ४० मुलांच्या वर्गात दोघांकडे चाकू आहे आणि वर्गात अफवा आहे की दहा जणांकडे आहे. मुलं वागतात ती अफवेवर. आणखी तिघे बाळगायला लागतात, ते चौथ्याला दिसतं, आणि अफवा हळूहळू खरी होत जाते. जखमांचे फोटो किंवा टेबलावर मांडलेले जप्त सुरे दाखवले की मोठ्यांना वाटतं मुलं घाबरून सोडतील. मुलं घाबरतात हे खरं, पण ती चाकूला घाबरत नाहीत, चाकू असलेल्या दुसऱ्या मुलाला घाबरतात, आणि त्या भीतीवर त्यांना माहीत असलेला उपाय म्हणजे स्वतःचा चाकू. दहशत बसवण्याची पद्धत एरवीही तपासून झालेली आहे. बिघडू लागलेल्या मुलांना तुरुंगात नेऊन कैद्यांकडून धाक घालायचा, हा अमेरिकेतला लोकप्रिय प्रयोग. त्यावरच्या नऊ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा दिसलं की ज्यांना नेलं त्यांनी न नेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केले.

सभागृहात बोलायचंच असेल तर उलटी गोष्ट सांगा, जी खरीही आहे: बहुसंख्य मुलं चाकू बाळगत नाहीत. स्कॉटलंडमध्ये २००९ पासून चाललेल्या ‘नो नाइव्ह्ज, बेटर लाइव्ह्ज’ या मोहिमेचं साहित्य पुढे याच दिशेने वळलं.

आता ‘बाळगणारा’ हा एकच प्रकार नाही, आणि सरसकट काढून टाकण्याचं धोरण फसतं ते इथेच. घाबरून बाळगणारी मुलं संख्येने सर्वांत जास्त. दुसरी मोजकी मुलं अशी की त्यांचं कुणाशी तरी चालू वैर आहे आणि त्यांच्या हातून आधीही मारामाऱ्या झाल्या आहेत. खरा धोका या मोजक्यांतून येतो. तिसरा प्रकार शिक्षकांच्या ध्यानात येत नाही: मोठ्या पोराने ‘जरा ठेव’ म्हणून दिलेला चाकू सांभाळणारं लहान मूल किंवा मुलगी. झडतीत बहुधा हे मूल सापडतं, कारण ज्याचा चाकू आहे तो स्वतःकडे ठेवतच नाही. त्याला शाळेतून काढलंत तर चाकूवाल्याच्या हाताखाली दिवसभर मोकळा असलेला एक पोऱ्या तुम्ही तयार केलात.

बंदूक मिळवावी लागते, चाकू घरातच असतो. म्हणून ‘चाकू गोळा करा’ या मोहिमांचा जोर फार टिकत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ साली माफी योजनेत, म्हणजे शस्त्र आणून दिलं तर कारवाई नाही अशा मुदतीत, लोकांनी जवळपास ९० हजार धारदार शस्त्रं जमा केली. ऐकायला आकडा मोठा, पण प्रत्येक घरातल्या स्वयंपाकघरात चार-पाच पाती उरलीच, आणि लंडनमधले गुन्हे थोडे उतरून काही आठवड्यांत पूर्वपदावर आले. पात्याच्या आकाराबद्दलचा एक विचार मात्र मला जास्त पटतो. २००५ मध्ये तीन ब्रिटिश डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडलं होतं की लांब टोकदार चाकू स्वयंपाकाला लागतच नाही, टोक बोथट केलं तरी कापण्याचं काम तेवढंच होतं. यामागे साधं यंत्रशास्त्र आहे. शरीरात शिरताना सर्वांत जास्त विरोध कपडे आणि त्वचा करतात. टोकाने त्वचा एकदा भेदली की पुढे पातं जवळजवळ विनासायास आत जातं. म्हणूनच ‘मी जोर लावलाच नव्हता’ हे आरोपी मुलाचं वाक्य पुष्कळदा खरं असतं. पोटासारखा मऊ भाग दाबला जातो, त्यामुळे जखम पात्याच्या लांबीपेक्षाही खोल जाऊ शकते. स्वयंपाकाच्या चाकूला मुठीपुढे आडवी कडा नसते, म्हणून हाडावर आपटताच मारणाऱ्याचा हात पात्यावर घसरतो आणि त्याचीच बोटं कापतात. मुलांना सांगायच्या गोष्टी या, आणि त्या चित्राविना सांगता येतात.

मुलांमध्ये ठाम पसरलेला एक गैरसमजही मोडायला हवा: मांडीत किंवा कुल्ल्यात मारलं तर माणूस फक्त अद्दल घडून जगतो. मांडीतली मुख्य धमनी जांघेजवळ त्वचेखाली फार खोल नसते. गणित करून दाखवा. साधारण किलोमागे ७० मिलिलिटर रक्त धरलं तर ५० किलोच्या मुलाच्या अंगात ३.५ लिटर असतं. त्यातलं ४० टक्के, म्हणजे १.४ लिटर गेलं की जीव धोक्यात. मोठी धमनी तुटली तर हे काही मिनिटांत होतं, रुग्णवाहिका सहसा त्याहून उशिरा येते.

म्हणून मागण्यांच्या यादीत कुणी न घातलेली गोष्ट सर्वांत आधी करा: शिक्षक, शिपाई, वाहनचालक आणि वरच्या वर्गातली मुलं यांना रक्तस्राव थांबवायला शिकवा. दोन तासांचं प्रशिक्षण पुरतं. क्रम असा. आधी स्वतःची सुरक्षा पाहा, हल्लेखोर तिथेच असेल तर जवळ जाऊ नका. एकाने फोन करायचा, दुसऱ्याने जखमेवर स्वच्छ कापड ठेवून दोन्ही तळहातांनी, कोपर ताठ ठेवून, शरीराचा भार देऊन दाबायचं. ‘थांबलं का’ म्हणून मधेच उचलून बघायचं नाही. बहुतेक लोक चुकतात ते इथेच, धरू लागलेली गुठळी त्या उचलण्याने निघते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. चाकू आत रुतलेला असेल तर काढू नका, त्याच्या दोन्ही बाजूंनी दाबा आणि तो हलणार नाही असा आधार द्या. आत असलेलं पातं कधी कधी फाटलेली धमनी दाबून धरत असतं.

हात किंवा पाय असेल आणि दाबूनही रक्त उसळत असेल तर टूर्निके, म्हणजे पिळून घट्ट करायचा पट्टा. जखमेच्या ५ ते ७ सेंटिमीटर वर बांधा, सांध्यावर कधीही नाही, आणि रक्त पूर्ण थांबेपर्यंत पिळा. अर्धवट घट्ट बांधलेला पट्टा नुसत्या शिरा बंद करतो, धमनी चालूच राहते, आणि रक्तस्राव उलट वाढतो. रुग्ण वेदनेने ओरडेल, तरी सैल करू नका. बांधल्याची वेळ पट्ट्यावर किंवा कपाळावर लिहा. घरगुती सुतळी मांस कापते आणि कमरेचा पट्टा पुरेसा घट्ट होत नाही, म्हणून तयार टूर्निके विकत घेऊन ठेवा. जांघ, काख, मानेचा खालचा भाग इथे पट्टा बसत नाही, तिथे कापडाची पट्टी बोटाने जखमेत ठासून भरायची आणि वरून दाबायचं. छातीच्या जखमेवर हवाबंद चिकटपट्टी लावू नका. आत हवा कोंडून फुप्फुस आणि हृदय दाबलं जातं. पाणी पाजू नका, अंगावर पांघरूण घाला. एक जखम दिसली म्हणून थांबू नका. पाठ, काखा, मांडीचा आतला भाग हातमोजा घालून चाचपा, कारण चाकूचं भोक नखाएवढं असू शकतं आणि रक्त सगळं आत साठत असतं. कपडे कापावे लागले तर भोकातून कापू नका, बाजूने कापा आणि कागदी पिशवीत ठेवा, पुढे तपासाला लागतात.

आता दप्तरतपासणी. रोजच्या तपासणीतून किंवा दारातल्या धातुशोधक कमानीतून चाकू इमारतीत येणं कमी होतं, एवढं मान्य. पण मुलं चाकू बाहेरच झुडपात किंवा पाइपच्या आडोशाला ठेवून आत येतात आणि जाताना उचलतात. शिवाय तपासणीच्या रांगेत एकमेकांशी खुन्नस असलेली दोन टोळकी वीस मिनिटं समोरासमोर उभी राहतात. मुळात धोक्याची वेळ वर्गातली नाहीच. लंडनमधल्या एका मोठ्या अपघात-उपचार केंद्राने २००४ ते २०१४ या काळात भोसकले गेलेल्या २५ वर्षांखालच्या १,८२४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. १६ वर्षांखालच्या मुलांच्या घटना संध्याकाळी ४ ते ६ मध्ये दाटलेल्या होत्या, म्हणजे शाळा सुटल्यापासून घरी पोचेपर्यंत. बहुतेक घटना घराजवळच्याच परिसरातल्या होत्या. तुमच्याकडे पैसा आणि माणसं मर्यादित असतील तर ती दाराच्या कमानीवर नको, सुटल्यानंतरच्या दीड तासावर खर्च करा. बसथांब्यावर, मैदानाच्या कोपऱ्यावर, वाट बदलते त्या वळणावर ओळखीचे मोठे लोक उभे करा. वैर असलेल्या गटांच्या सुटण्याच्या वेळेत १५ ते २० मिनिटांचं अंतर ठेवा. नकाशा मुलांकडूनच काढून घ्या. ‘कुठे जायला भीती वाटते’ अशी निनावी चिठ्ठी मागितली की दोन दिवसांत खरे चार-पाच कोपरे कळतात.

पोलिसांनी रस्त्यावर सरसकट झडत्या वाढवाव्यात का, हाही प्रश्न पाठोपाठ येतो. लंडनच्या दहा वर्षांच्या आकडेवारीवर झालेल्या अभ्यासात झडत्या वाढल्याने हिंसक गुन्हे घटल्याचा पुरावा अगदी क्षीण आणि तुटक निघाला. नेमक्या माहितीवरची झडती वेगळी, तिला माझा विरोध नाही. पण दिसेल त्या पोराला भिंतीला टेकवलं की पुढच्या वेळी जो साक्षीदार बोलायला हवा तोच बोलत नाही.

शाळेत चाकू सापडलाच तर. झडतीचा अधिकार शाळेला किती आहे ते स्थानिक कायद्यात पाहून आधीच लेखी ठेवा, ऐन वेळी शोधू नका. दोन मोठी माणसं हवीत, त्यातलं एक त्या मुलाच्या लिंगाचं, आणि इतर मुलं नजरेआड. मुलाच्या हातात चाकू असेल तर ‘दे इकडे’ म्हणून हात पुढे करायचा नाही. मधे टेबल किंवा बाकं राहतील इतकं अंतर ठेवा, त्याची बाहेर पडायची वाट अडवू नका, बघ्यांना हटवा, एकानेच सावकाश बोला: ‘खाली ठेव आणि दोन पावलं मागे जा.’ बघे हटवणं सर्वांत महत्त्वाचं. चार फोन रोखलेले असताना कुठलाही पंधरा वर्षांचा मुलगा माघार घेऊ शकत नाही. चाकू उचलताना हातमोजा घाला, मूठ पूर्ण न पकडता कडेला धरा आणि जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीला पातं भोक पाडतं आणि रक्त असेल तर आत ते कुजतं. वर वेळ, जागा, कुणाला सापडला ते लिहा, कुलपात ठेवा, पोलिसांकडे द्या. ‘घरचाच आहे’ म्हणून पालकांना परत करू नका.

पालकांना सापडला तर बहुतेक घरांत आधी कानाखाली बसते आणि मग ‘कुठून आणलास’ ही चौकशी सुरू होते. विचारायचा प्रश्न तो नाही. ‘तुला कुणाची भीती वाटते’ किंवा ‘हा कुणाचा आहे’ हे विचारा, आणि उत्तराला दोन दिवस लागले तरी थांबा. चाकू मात्र त्याच क्षणी ताब्यात घ्या. आधीची लक्षणं चाकूपेक्षा लवकर दिसतात: स्वयंपाकघरातला एखादा टोकदार चाकू नाहीसा होणं, दप्तरात घडी घातलेला पुठ्ठा किंवा चिकटपट्टीची म्यान, नेहमीची वाट सोडून लांबून येणं, एकाच मुलाचं नाव निघताच विषय बदलणं, बोटांच्या आतल्या बाजूला न सांगता येणारे काप. यातलं एकच दिसलं तर घाबरू नका, दोन-तीन एकत्र दिसली तर बोला.

घटना घडून गेल्यानंतरचे पहिले दोन-तीन दिवस पुढच्या घटनेच्या दृष्टीने सर्वांत नाजूक असतात, कारण सूड तेव्हाच ठरतो. जखमी मुलगा खाटेवर असताना त्याचे मित्र खाली पार्किंगमध्ये बेत आखत असतात. हे ओळखून स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराच्या रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात २०१५ पासून ‘नॅव्हिगेटर’ म्हणून प्रशिक्षित माणसं आपत्कालीन विभागात बसवली गेली. त्यांचं काम रुग्णाशी आणि त्याच्या टोळक्याशी बोलणं, घरी सुरक्षित जाण्याची सोय करणं, पुढचे आठवडे पाठपुरावा ठेवणं. तुमच्याकडे अशी माणसं नसतील तर निदान इतकं करा: जखमी मुलाच्या चार जवळच्या मित्रांना त्याच संध्याकाळी कुणीतरी विश्वासातल्या मोठ्या माणसाने गाठायचं, आणि समाजमाध्यमांवर फिरणारी चित्रफीत पुढे पाठवू नका असं त्यांच्याकडूनच इतरांना सांगायला लावायचं.

मोजक्या धोकादायक मुलांसाठी बोस्टनमध्ये १९९६ पासून वापरलेली पद्धत नंतर ग्लासगोने २००८ मध्ये चाकूच्या टोळ्यांवर उतरवली. टोळीतल्या मुलांना न्यायालयात बोलावून समोर बसवायचं. पोलिसांनी सांगायचं, तुमची नावं आम्हाला माहीत आहेत, पुढचा वार एकाने केला तरी लक्ष सगळ्या टोळीवर जाईल. जखमींवर उपचार करणारा डॉक्टर बोलतो, मुलगा गमावलेली आई बोलते, आणि शेवटी एक फोन क्रमांक दिला जातो जिथे नोकरी, शिक्षण, व्यसनमुक्ती, राहण्याची जागा यांची मदत खरोखर मिळते. त्यात सामील झालेल्या मुलांमध्ये शस्त्र बाळगण्याचे गुन्हे ८४ टक्क्यांनी घटले, तुलनेसाठी घेतलेल्या मुलांमध्ये ४० टक्क्यांनी. तुलनेतले ४० टक्केही लक्षात ठेवा, वयाबरोबर बरीच मुलं आपोआप बाहेर पडतात. मारामाऱ्यांमध्ये इतका स्पष्ट फरक मात्र दिसला नाही. हा प्रयोग फसतो तो शेवटच्या फोन क्रमांकावर. धमकी दिली आणि मदत कागदावरच राहिली, की मुलांना कळतं की हे नेहमीचंच.

बाकीच्या मुलांसाठी शिकागोचा एक साधा खेळ सांगतो. जोड्या करतात. एकाच्या मुठीत चेंडू. दुसऱ्याने ३० सेकंदांत तो मिळवायचा. मुलं झोंबतात, बोटं पिरगळतात. मग विचारतात, नुसतं ‘दे ना’ असं कुणी का नाही म्हटलं? उत्तर येतं, ‘त्याने दिलाच नसता.’ चेंडूवाल्याला विचारलं तर तो म्हणतो, ‘दिला असता की.’ ‘बिकमिंग अ मॅन’ नावाच्या या कार्यक्रमाच्या दोन चाचण्यांत, कार्यक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांतल्या अटका साधारण ४५ ते ५० टक्क्यांनी कमी झाल्या. कार्यक्रम संपल्यावर हा परिणाम ओसरला, म्हणून एका सत्रापुरता घेऊन सोडू नका.

परिणामांचा प्रश्न शेवटी घेतला, कारण तो मोजायलाच अवघड आहे. जखमींची संख्या हा त्यातला लहान भाग. वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड या शल्यचिकित्सकाने दाखवून दिलं की रुग्णालयात येणाऱ्या हिंसेच्या जखमांपैकी बऱ्याच पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत. तिथे नोंदणी खिडकीवर जागा, वेळ आणि हत्यार एवढंच विचारून, नाव वगळून, ती माहिती पोलीस आणि पालिकेला देण्याची पद्धत पडली. हिंसेमुळे रुग्णालयात भरती होणारे लोक तिथे एक लाखामागे महिन्याला ७ वरून ५ वर आले, तुलनेतल्या शहरांत ५ वरून ८ वर गेले. तुमच्या जवळच्या रुग्णालयाला ही तीन रकान्यांची नोंद सुरू करायला सांगा, खर्च जवळजवळ शून्य आहे.

न दिसणारी जखम याहून पसरट असते. शिकागोतल्या मुलांच्या चाचण्यांवरून २०१० मध्ये दिसलं की घराजवळ खून होऊन आठवडा उलटायच्या आत ज्यांची परीक्षा झाली त्यांचे वाचन आणि शब्दसंग्रहाचे गुण घसरले. त्यांनी तो खून पाहिलेलाही नसायचा. त्यामुळे घटनेच्या आठवड्यात चाचणी परीक्षा घेऊ नका, पुढे ढकला. संध्याकाळी मैदान ओस पडतं, मुलींना आधी घरात बसवलं जातं, क्लास बुडतो, दुकान लवकर बंद होतं, आणि मोठी माणसं रस्त्यावरून हटली की तो कोपरा ज्यांना हवा असतो त्यांना मिळतो. जखमीच्या धाकट्या भावाकडे खास लक्ष द्या. पुढचा चाकू त्याच्या दप्तरात असण्याची शक्यता मोठी असते. मारणाऱ्याच्या घरालाही एकाकी पाडू नका, त्या घरातलं दुसरं मूल तुमच्याच शाळेत येतं.

काढून टाकण्याच्या मागणीबद्दल राहिलं ते एवढंच: ज्याने वार केला त्याचं प्रकरण पोलीस आणि न्यायालय पाहतील. ज्याच्याकडे फक्त सापडला त्याला काही दिवस बाहेर ठेवायचं असेल तर परत येण्याची तारीख पहिल्याच दिवशी लिहून द्या, त्या दिवसांत त्याचा अभ्यास घरी पाठवा, आणि परत येताना एक ठरावीक शिक्षक, घरातलं एक मोठं माणूस आणि तो मुलगा असे तिघं बसून ठरवा: कुठल्या वाटेने येणार, कुणाबरोबर जाणार, धमकी आली तर कुणाला फोन करणार.